दुभाषाच्या घरातलं क्रिकेट
(प्रस्तावना)

ऑगस्टच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर एक छोटी बातमी येते. मुंबईचा संघ बुचीबाबू स्पर्धेसाठी तामिळनाडूला रवाना. खाली खेळाडूंची यादी, कप्तानाचं नाव, बस्स. 2024 साली सूर्यकुमार यादव आणि श्रेयस अय्यर या स्पर्धेत उतरले, म्हणून बातमीला जरा ऐसपैस जागा मिळाली. रणजी, दुलीप, देवधर ही नावं मराठी क्रिकेटवेड्याला तोंडपाठ आहेत. देवधर तर पुण्याचेच. त्या नावांमागची माणसं त्याला ठाऊक आहेत, त्यांचे किस्सेही तो रंगवून सांगतो. बुचीबाबू म्हटलं की मात्र गाडी अडते. कोणी तरी दानशूर मद्रासी असावा, एवढ्यावर बोलणं संपतं.

पूर्ण नाव मोतवरपू वेंकट महिपती नायडू. जन्म 1868, मृत्यू डिसेंबर 1908. घर तेलुगू, शहर मद्रास, आयुष्य चाळीस वर्षांचं. भारतानं पहिली कसोटी खेळली ती 1932 साली, म्हणजे त्यांना जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर. तेव्हा धावा, बळी आणि सरासरी यांवरच माणूस मोजणाऱ्या वाचकानं हे पुस्तक इथेच मिटलं तरी माझी तक्रार नाही. बुचीबाबूंची थोरवी धावफलकावर मांडता येणारी नव्हे. त्यांनी मद्रासमध्ये हिंदी माणसाच्या क्रिकेटला पत मिळवून दिली. पत हा शब्द मी व्यापारी अर्थानंच वापरतो आहे, कारण ते ज्या घरात वाढले तिथे सगळा कारभार त्या एका गोष्टीवर चालत होता.

एकोणिसाव्या शतकातल्या मद्रासमध्ये दुभाष ही काय चीज होती, हे आधी पाहायला हवं. गोऱ्यांची पेढी समुद्रापलीकडून माल आणी आणि इथला माल तिकडे धाडी. पण कुठला व्यापारी सचोटीचा, कोणाला उधार द्यायचं, कोणाकडे रोख मागायची, हंगामात मजूर आणि गाड्या कुठून उभ्या करायच्या, हे साहेबाला काय कळणार? ते काम दुभाषाचं. व्यवहार तरला की दस्तुरी त्याची, आणि बुडाला तर पहिली झळही त्यालाच, कारण बहुतेक वेळा जामीनही तोच असे. कलकत्त्यात हे काम बनिया करी. मुंबईत गोऱ्या पेढ्यांचे पारशी आणि भाटिये दलाल करीत. मद्रासच्या मोठ्या पेढ्यांत पॅरी आणि कंपनीचं नाव अगदी वरचं. थॉमस पॅरी हा वेल्समधला माणूस 1788 साली मद्रासला उतरला, धंद्यात रुजला आणि 1824 साली इकडेच वारला. त्याच्या पेढीच्या नावानं चेन्नईतला पॅरीज कॉर्नर अजून ओळखला जातो. या पेढीचे दुभाष होते मोतवरपू वेंकटस्वामी नायडू, म्हणजे बुचीबाबूंचे आजोबा.

कुंभकोणमजवळच्या दारासुरमला राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दुभाषाचं हे मध्यस्थीचं नातं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्ल्यांतून रेशमाचे माग चालतात आणि विणकर बरेचसे सौराष्ट्री भाषा बोलणारे. मागावर बसणारा माणूस सहसा रेशीम आणि जर स्वतः विकत घेत नाही. व्यापारी कच्चा माल देतो, काठपदर ठरवतो, उचल देतो. साडी मागावरून उतरली की वजन होतं, उचल वळती होते आणि उरलेली मजुरी हातात पडते. दूरच्या गिऱ्हाइकाशी बोलणी व्यापारीच करतो. विणकराचं कसब कितीही मोठं असलं तरी व्यापाऱ्याचा शब्द फिरला की माग थांबतो. बुचीबाबूंचं क्रिकेटही याच पद्धतीनं चाललं. सामान त्यांचं, कसब पोरांचं आणि पलीकडच्या गोऱ्या मंडळींशी बोलणी पुन्हा त्यांचीच. या पद्धतीचे दोषही त्या क्रिकेटला चिकटले. त्याकडे पुढे येतोच.

आजोबांचा वाडा मैलापूरजवळच्या लझ भागात, लझ हाउस. घरात इंग्रजी रीतीभाती, मुलांना सांभाळायला गोऱ्या बाया, तबेल्यात घोडे, दारात बग्ग्या. या बाया संध्याकाळी मुलांना फिरायला नेत त्या चेपॉकच्या बाजूला, असं सांगतात. तिथे मद्रास क्रिकेट क्लबचे साहेब खेळत असत. हा क्लब 1846 साली निघाला. तो काढण्यात पुढाकार होता मुलकी सेवेतल्या अलेक्झांडर अर्बथनॉट यांचा. 1865 पासून क्लब चेपॉकला आला आणि तिथेच राहिला. म्हणजे बुचीबाबूंना समज आली तेव्हा चेपॉकची हिरवळ, पांढरे कपडे आणि पॅव्हेलियनमधला चहा हे सगळं चांगलं मुरलेलं होतं. दुभाषाच्या घरच्या मुलानं ते कुंपणाच्या जवळून पाहिलं. आवडलं, शिकला, उत्तम खेळू लागला. घोड्यावर बसणं, टेनिस, इतर मर्दानी खेळ यांतही त्याला गती होती.

मग एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हिंदी खेळाडू चेपॉकवर सामना खेळायला गेले तर त्यांना पॅव्हेलियनमध्ये जागा नसे. दुपारच्या सुट्टीत गोरे खेळाडू आत जेवत आणि हिंदी खेळाडू झाडाखाली बसून डबे सोडत. मद्रास क्रिकेटचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण हा प्रसंग सांगतो, आणि बहुतेक जण तिथे आवाज चढवतात. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. ज्या मुलाच्या आजोबांवाचून पॅरीच्या पेढीचं पान हलत नव्हतं, त्यालाही झाडाखालीच जेवावं लागत होतं. बाजारात पत होती, पंगतीत नव्हती. अशा अपमानावर माणूस तीन तऱ्हांनी वागतो. एक तर गिळतो, नाही तर भांडतो, किंवा स्वतःची पंगत मांडतो. बुचीबाबूंनी तिसरा रस्ता धरला. 1888 साली, विशीत असताना, त्यांनी मद्रास युनायटेड क्लब काढला. किल्ल्याजवळच्या एस्प्लनेडवर मैदान मिळवलं, पोरं जमवली, बॅटी, पॅड, कपडे दिले, आणि चेपॉककडे पाठ न फिरवता तिथल्या क्लबाशी सामने ठरवत राहिले.

त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं, ते मराठी वाचकाला थोडंबहुत माहीत असतं. तिथल्या पारशांनी 1848 साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. 1886 आणि 1888 साली त्यांचे संघ विलायतेचा दौराही करून आले. पहिल्या दौऱ्यात एकच सामना जिंकला, दुसऱ्यात आठ. त्याआधी बॉम्बे जिमखान्याच्या पोलोपटूंशी त्यांचा मोठा झगडा झाला. घोड्यांच्या टापांनी मैदान उकरलं जाई आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत चेंडू उसळे. 1881 पासून पुढची दोन-तीन वर्षं सरकारदरबारी अर्जांवर अर्ज गेले. शापूरजी सोराबजी यांनी ही हकिकत पुढे 1897 साली पुस्तकातच लिहून ठेवली. अखेर पारशांना समुद्राकाठी स्वतःच्या जिमखान्याची जागा मिळाली, आणि 1890च्या दशकात इस्लाम आणि हिंदू जिमखाने पाठोपाठ आले. मरीन लाइन्सच्या कडेनं चालताना ते तिन्ही आजही ओळीनं दिसतात. मुंबईचा मार्ग अर्जाचा होता. अर्ज करायचा तर अर्जदार लागतो, आणि सरकारला अर्जदार म्हणून जमात दिसली. म्हणून जागा जमातीला मिळाली, क्लब जमातीचा झाला, संघ जमातीचा झाला. 1892 पासून गोरे विरुद्ध पारशी, 1907 पासून हिंदूंसह तिरंगी, 1912 पासून मुसलमानांसह चौरंगी, 1937 पासून पंचरंगी. ही स्पर्धा लोकांनी डोक्यावर घेतली हे खरं, पण ती बंद करा असं गांधीजींना म्हणावं लागलं तेही खरं.

मद्रासचा मार्ग सौद्याचा. सौदा करणारा माणूस एक होता, पैसा एका घराचा होता, आणि त्याच्या क्लबाला अमुक जमातीचाच खेळाडू हवा अशी गरज नव्हती. चेंडू चांगला टाकणारा हवा होता. त्यामुळे पुढे मद्रासमध्ये जो वार्षिक सामना रुजला तो गोरे विरुद्ध हिंदी असा दुरंगी होता. हिंदी संघ एकच, त्याचे धर्मावार तुकडे पडले नाहीत. मद्रासची मंडळी याचं श्रेय आपल्या सहिष्णुतेला देतात. मला ते तितकंसं पटत नाही. जातपात मद्रासमध्ये मुंबईपेक्षा कमी होती असं म्हणण्याचं धाडस कोणी करू नये. त्या क्लबातली पोरंही मुख्यतः शिकलेल्या, वरच्या थरातल्या घरांतलीच होती. फरक पडला तो वर्गणी आणि जागा कुठून आली यामुळे. जमातीच्या वर्गणीतून आणि जमातीला मिळालेल्या जमिनीतून जमातीचा संघ होतो. एकट्याच्या खिशातून हौशी संघ होतो. ही मांडणी कोणाला रूक्ष वाटेल. पण हे पुस्तक लिहिण्यामागे मुख्य गोष्ट असेल तर हीच आहे.

हौशी या विशेषणाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. इंग्लंडात 1806 पासून जेंटलमन विरुद्ध प्लेअर्स असा सामना होई, थेट 1962 पर्यंत. पैसे न घेणारे ते जेंटलमन, घेणारे ते प्लेअर्स. प्रत्यक्षात डब्ल्यू. जी. ग्रेस हे जेंटलमन, आणि 1895 साली त्यांच्यासाठी लोकांनी नऊ हजार पौंडांहून अधिक निधी जमवला. म्हणजे पैसा घेतला की नाही यापेक्षा तो कुठल्या दारानं आला याला महत्त्व. आपल्याकडे या काट्याची दोन टोकं एकाच काळात दिसतात. इकडे बुचीबाबू, खेळासाठी घरचे पैसे ओतणारे. तिकडे पुण्यात पळवणकर बाळू, गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळायची आणि साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. बाळूंनाही हिंदू खेळाडूंच्या संघात असताना जातीमुळे चहा वेगळ्या भांड्यात, जेवण वेगळ्या पंगतीत. मद्रासच्या झाडाखाली बसलेल्या खेळाडूंवर अन्याय झाला यात शंका नाही. पण ते निदान एकत्र जेवत होते. बाळूंच्या वाट्याला आलेला अन्याय आपल्याच माणसांचा होता. बुचीबाबूंचं कौतुक करताना हे विसरलं की कौतुक थोडं स्वस्त होतं. हौस परवडावी लागते आणि त्यांना ती परवडत होती.

परवडणं ही त्या काळात किती नाजूक बाब होती हे आमच्या कुंभकोणमला चांगलंच आठवतं. 22 ऑक्टोबर 1906 रोजी मद्रासची अर्बथनॉट पेढी बुडाली. ज्यांच्या पुढाकारानं चेपॉकचा क्लब निघाला त्याच अर्बथनॉट कुळातली ही पेढी. तंजावर भागातल्या जमीनदारांनी, वकिलांनी, विधवांनी, निवृत्त कारकुनांनी सरकारी तिजोरीसारखा भरवसा ठेवून तिथे ठेवी ठेवल्या होत्या. पेढीचे भागीदार सर जॉर्ज अर्बथनॉट यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, पण ठेवीदारांचं नुकसान काही भरून निघालं नाही. त्या धक्क्यातून 1907 साली इंडियन बँक उभी राहिली. तिच्या उभारणीत पुढे असलेले व्ही. कृष्णस्वामी अय्यर मूळचे तिरुविडैमरुदूरचे, म्हणजे आमच्या शेजारचे. गोऱ्याच्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवण्याचे दिवस त्या वर्षी संपले. बुचीबाबूंनी चेपॉकशी वार्षिक सामन्याचं बोलणं पक्कं केलं ते याच दोन-तीन वर्षांत. तोवर त्यांच्या क्लबानं वीस वर्षं खेळून आपली लायकी दाखवली होती. गोऱ्या क्लबाला बरोबरीच्या नात्यानं दरवर्षी एक ठरलेला सामना खेळायला राजी करणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. सामना ठरला 1908च्या डिसेंबरात, चेपॉकवर.

आणि सामन्याच्या तोंडावर बुचीबाबू गेले.

सामना रद्द झाला नाही. बी. सुब्रह्मण्यम यांनी हिंदी संघाचं नेतृत्व केलं आणि मद्रासचा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. पुढे तो पोंगलच्या दिवसांत होऊ लागला. 1915-16 पासून त्याला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला, आणि इंग्रज जाईपर्यंत दक्षिणेतल्या क्रिकेटचा तो सगळ्यात मोठा सण होता. एकखांबी तंबूचा खांब पडला की तंबू जमीनदोस्त होतो, असा आपला अनुभव. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय सुब्रह्मण्यम यांना द्यायला हवं, आणि मद्रासकर ते पुरेसं देत नाहीत असं माझं मत आहे. उभं करणाऱ्याच्या नावानं स्पर्धा निघते, चालवणाऱ्याच्या नावानं फार तर एखादी तसबीर लागते.

मुलांची कथा बापाइतकीच वाचनीय आहे, म्हणून पुस्तकाचा बराच भाग तिनं घेतला आहे. बालय्या आणि भट यांनी मद्रासचं क्रिकेट गाजवलं. तिसरे रामस्वामी, ते आईच्या वडिलांना दत्तक गेले म्हणून कोटा रामस्वामी. जन्म जून 1896. वडील गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. 1922 साली ते डेव्हिस कपमध्ये टेनिस खेळले. पुढे 1936 साली, चाळिशी गाठल्यावर, इंग्लंडमध्ये भारतासाठी दोन कसोटी सामने. मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत 40 आणि 60. दोन्ही सामने मिळून 170 धावा, सरासरी 56.66. डावखुरे, जाडजूड, आणि चेंडू फटकावण्यात कसलीही कुचराई न करणारे. 1966 साली त्यांनी ‘रॅम्बलिंग्ज ऑफ अ गेम्स ॲडिक्ट’ या नावानं आठवणी लिहिल्या. ऑक्टोबर 1985 मध्ये, नव्वदीकडे झुकलेले असताना, ते घरातून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. क्रिकेटच्या नोंदवह्यांत त्यांच्या नावापुढे मृत्यूची खात्रीची तारीख नाही.

बुचीबाबूंच्या नावाची स्पर्धा त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, 1909-10 च्या हंगामात सुरू झाली. प्रथम मद्रासमधल्या संघांपुरती, मग 1960च्या दशकापासून बाहेरच्या संघांसाठी खुली. मधली काही वर्षं ती बंद पडली होती, 2023 साली पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात मुंबईची मैदानं भिजलेली असतात आणि रणजीचा हंगाम तोंडावर आलेला असतो. अशा वेळी मुंबईच्या निवड समितीला या स्पर्धेचा मोठा आधार वाटतो. मुंबईच्या किती तरी खेळाडूंची पहिली कसून परीक्षा तामिळनाडूच्या उन्हात झाली आहे. बुचीबाबूंचं मराठी क्रिकेटवर एवढं ऋण सरळ सरळ आहे.

आणखी एक प्रश्न मला विचारला गेला आहे आणि पुढेही विचारला जाईल. एका तेलुगू माणसावर, तमिळ शहराबद्दल, मराठीत पुस्तक कशाला? तंजावरी मराठ्याला हा प्रश्न थोडा गमतीचा वाटतो. आमच्या घरात शतकानुशतकं मराठी बोलली जाते, दारात तमिळ, आणि संगीताच्या बैठकीत तेलुगू. सर टी. माधवराव कुंभकोणमला जन्मले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी भूषवलं आणि अखेरची वर्षं मद्रासला काढली. 1887 साली काँग्रेसचं अधिवेशन मद्रासला भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, त्याच शहरात, मद्रास युनायटेड क्लब निघाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह मी आवरला आहे. पण त्या दोन वर्षांत मद्रासच्या हिंदी माणसाला आपलं आपण काही चालवावं असं वाटू लागलं होतं, एवढं नक्की म्हणता येतं.

बुचीबाबूंना या पुस्तकात मी देव केलेलं नाही. त्यांनी चेपॉकचं पॅव्हेलियन उघडायला लावलं नाही. ते दार कित्येक वर्षं तसंच बंद राहिलं. त्यांच्या क्लबात गिरणीतला किंवा बंदरातला मजूर खेळला नाही. मध्यस्थाचं बळ आणि मध्यस्थाची मर्यादा दोन्ही त्यांच्या अंगी होत्या. समोरच्याला दुखवायचं नाही, सौदा तुटू द्यायचा नाही, आणि आपला माल मात्र दरवर्षी थोडा अधिक भावानं विकायचा. आजच्या वाचकाला यात बाणेदारपणा कमी दिसेल. मला त्यात चिकाटी अधिक दिसते, आणि त्या काळच्या मद्रासमध्ये चिकाटीनंच काम झालं.

शेवटी एक विनंती. पॅरी, बिनी, अर्बथनॉट अशा मद्रासच्या पेढ्यांत मराठी घरांतली माणसंही कारकून आणि खजिनदार म्हणून राबली आहेत. तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर डकवलेलं एखादं क्रिकेट संघाचं छायाचित्र असेल, पुढच्या रांगेत बसलेले, मागच्या रांगेत उभे, आणि पाठीवर शाईनं लिहिलेली नावं, तर ते फेकू नका. आधी नावं उतरवून घ्या, कारण शाई आधी जाते. मग प्रकाशकाच्या पत्त्यावर एक प्रत पाठवा. पुढच्या आवृत्तीत ती नावानिशी छापू.

दारासुरम् (कुंभकोणम्)